उपरण्यातलं फळ

या माउली, अशा जवळ सरका. त्या दाराच्या वाऱ्यात बसू नका, इथं माझ्या शेजारी सतरंजीवर या. महाराजांची गाडी फुलंब्रीच्या पलीकडंच अडकलीय असा फोन आलाय, म्हणजे कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक कथा सांगतो. पोथीतली नाही, माझ्या घराच्या माडीवरची आहे. ज्याची आहे त्यानंच परवानगी दिलीय. "आप्पा, बसाल तिथं सांगा," म्हणाला, म्हणून सांगतो.

मला आप्पासाहेब म्हणतात. शहरात उस्मानपुऱ्यात माझं घर. आमची मंडळी देवाघरी गेली तेव्हापासून खाली मी, माझे टाळ आणि देव्हारा. वरची खोली भाड्यानं दिली, ती भाड्यासाठी कमी आणि डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत म्हणून जास्त. तिथं कडूबा आणि रत्नमाला हे जोडपं राहायला आलं.

कडूबा पिशोर गावचा. त्याचा बाप रामहरी अजूनही मेंढरं राखतो. कडूबा मात्र औरंगपुऱ्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात पखवाजाच्या तोंडांना कातडी पुड्या चढवतो. कातड्याची पारख घरातूनच आलेली. वाजवतोही असा, की टाळकऱ्याला आपोआप पाऊल टाकावंसं वाटतं. बोलणं मात्र मोजकं. त्याच्या वाटचं सगळं बोलणं देवानं रत्नमालेला दिलेलं. जिना उतरता उतरताच तिचं सुरू व्हायचं, "आप्पा, चहा तुमी टाकू नका, मी टाकते. तुमचा चहा म्हंजे निस्तं साखरंचं पाणी!"

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि लेकरू नव्हतं. लेकरू नाही म्हटल्यावर आपल्याकडं बोट कुणाकडं जातं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पिशोरला दरवर्षी सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, की महाराज फळ देतात. ज्या बाईला लेकरू नाही ती सकाळी न्हाऊन, हिरवं नेसून मंडपात रांगेला उभी राहते आणि पदर पसरते. महाराज पदरात नारळ टाकतात. पुढच्या सप्ताहाला जिची कूस उजवली ती पेढे घेऊन येते, जिची नाही ती पुन्हा रांगेत. दरवर्षी रांगेतल्या बाया बदलत, रत्नमाला तेवढी तीच असे. लाउडस्पीकरवर नाव पुकारलं की तिनं पुढं व्हायचं, सगळ्या गावानं मान वर करून बघायचं. मीही दरवर्षी त्यांच्यासोबत जाऊन टाळकऱ्यांत उभा असायचो. मला त्या वेळी टाळ जड व्हायचे.

गेल्या सालची गोष्ट. सप्ताहाला दोनेक महिने असताना कडूबाची आई सखूबाई शहरात आली. माझ्याच ओट्यावर बसली.

"आप्पासाहेब, तुमी शहाणं माणूस, तुमीच सांगा," ती म्हणाली. "मेंढी दोन साल गाभण राह्यली नाय तर आमी तिला बाजार दावतो. हिला म्या सात साल सांभाळली."

रत्नमाला चहाचे कप ठेवत होती. म्हणाली, "मग दावा ना बाजार, आत्याबाई. पण मेंढीला तोंड नसतं, मला हाये."

"हाये ना! तेच लई हाये!"

आम्ही हसलो, रत्नमालाही हसली. मग सखूबाईनं कप खाली ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाली, "हसण्यावारी नेऊ नका. यंदाचं फळ शेवटचं. काला झाला की हिला माहेरी पोचवायची. म्या हिच्या भावाला निरोप बी धाडलाय. कडूबासाठी पोरगी पाह्यलीय."

रत्नमाला कप उचलून वर निघून गेली. कडूबा उंबऱ्यात बसून पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.  मला त्याचा राग आला, खरं सांगतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो खाली आला. "आप्पा, उद्या माह्यासंगं दवाखान्यात याल का? संगं घरचं माणूस लागतं म्हणतात."

"काय झालंय?"

"हर्निया."

"मग रत्नमालेला घे की."

"नाय. तुमीच या."

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो. समोरच्या पाटीवर काय लिहिलंय ते मी वाचलं आणि मला कळलं, हा हर्नियाचा दवाखाना नाही. मूल न होणाऱ्यांचा आहे. मी काही विचारलं नाही. देवानं कान दिलेत, ते अशा वेळी उघडे ठेवून गप्प बसावं, एवढं कीर्तनानं शिकवलंय मला.

मग तोच बोलला. "आप्पा, माह्या जांघेत दोन्हीकडं टाक्यांचे वण हाईत. घरात त्याला हर्निया म्हणतात, मीबी तेच म्हणत आलो. ते हर्नियाचं नाय. जल्मलो तवा माह्या गोळ्या खाली उतरल्याच नव्हत्या. दोन्ही पोटात. शाळेत जायला लागलो, चांगला मोठा झालो, तवा कुठं ऑपरेशन करून खाली आणल्या. आता तपासलं तर बीज नाय. थेंबात एक बी नाय. आज ते आतून थोडं उघडून बघणार हाईत. एखादं सापडलं तर सापडलं."

"रत्नमालेला ठाऊक आहे?"

त्यानं मान हलवली. नाही.

माउली, असं तोंड लपवू नका. हे अंगही देवानंच दिलंय. लाजेनं झाकून ठेवलं म्हणूनच तर ही कथा घडली.

दुपारी ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर कडूबाच्या खाटेपाशी आले. नीट, सावकाश बोलले. दोन्ही बाजूंनी शोधलं, एकही सापडलं नाही. पुढं दुसऱ्याचं बीज घेता येतं, मूल दत्तक घेता येतं, घाई करू नका, घरी दोघं मिळून बोला. "दोघं मिळून" हे त्यांनी दोनदा म्हटलं. कडूबा छताकडं बघत पडला होता.

मग एक मुलगी आली, सुकेशनी नावाची. डॉक्टर नव्हती, संशोधन करणारी होती. आतून काढलेल्या इवल्याशा तुकड्यातला थोडा भाग अभ्यासाला ठेवू का, असं तिनं सकाळीच विचारलं होतं. आता ती स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "दादा, काही विचारायचं असेल तर विचारा. मला जे माहीत आहे तेवढं सांगेन."

कडूबा म्हणाला, "तुमी त्या तुकड्यात काय बघता?"

"मायक्रोआरएनए," ती म्हणाली आणि आमची तोंडं बघून हसली. "सोपं करून सांगते. शरीराच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे इवल्या कणात, जनुकं असतात. ती सारखे निरोप धाडत असतात, हे तयार करा, ते तयार करा. मायक्रोआरएनए म्हणजे फार छोटे तुकडे. ते स्वतः काही तयार करत नाहीत. एखाद्या निरोपाला जाऊन चिकटतात आणि त्याला गप्प करतात. बीज तयार व्हायला कितीतरी पायऱ्या लागतात. कुठल्या पायरीला कोणी बोलायचं आणि कोणी गप्प राहायचं, हे नीट जमलं तर काम पुढं सरकतं."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, आमच्या कीर्तनात महाराज हात वर करतात. त्या हाताला स्वतःचा आवाज नसतो. पण तो वर झाला की टाळ थांबतात, पखवाज थांबतो, आणि मग महाराजांचा शब्द ऐकू येतो. हात भलत्या वेळी वर झाला, नाहीतर झालाच नाही, तर निस्ता गोंगाट."

"बरोबर तसंच," ती म्हणाली. "आणि असे हात पुष्कळ."

कडूबा हळूच म्हणाला, "मग ताई, माह्यात कुणाचा हात चुकला?"

ती म्हणाली, "ते अजून आम्हालाही नक्की माहीत नाही. वृषण पोटाबाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. पोटातच राहिले तर सतत उष्णता. अशा वृषणात यातले काही तुकडे नेहमीपेक्षा जास्त दिसतात, काही कमी. आता हे हात चुकले म्हणून बीज झालं नाही, की बीज बनवणारे कणच करपले म्हणून हात असे दिसतात, तेच शोधतोय."

"लहानपणीच खाली आणल्या असत्या तर?"

"वर्ष-दीड वर्षाच्या आत झालं असतं तर शक्यता बरीच वाढली असती. खात्री तेव्हाही नसती."

"आन् माहा तुकडा तुमी ठेवला तर मला काय व्हईल?"

"तुम्हाला काहीच नाही, दादा. खोटं नाही सांगणार. पुढं कधीतरी एखाद्या लेकराला होईल."

कडूबानं डोळे मिटले. "मग ठेवा."

घरी आलो. रत्नमालेनं त्याला जिन्यातून धरून वर नेलं. तिच्या लेखी तो हर्नियाचं ऑपरेशन करून आलेला. मऊ भात शिजवायची, दुधाची पिशवी आणायला स्वतः जायची, "वाकू नका, ओझं उचलू नका" म्हणून त्याच्यावर डाफरायची. आणि सोमवारचे उपास धरायची. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही.  तो संध्याकाळी कामावरून यायचा आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायचा. वर गेलं तर ती, खाली आलं तर मी. दोन्ही ठिकाणी नको, म्हणून मधेच. वरून भांड्यांचा आवाज यायचा, खालून माझ्या हरिपाठाचा, आणि तो दोन्ही आवाजांच्या मधे एकटा.

एकदा मी त्याच्या दुकानावर गेलो, तर दुकानाचा मालक फकिरा ओरडत होता, "अरे कडूबा, इतना काय कू खींच रहा मियाँ? फट जाता चमडा!" कडूबानं हातातली ताणायची कातडी वादी सोडली. पखवाजाची नवी पुडी मधोमध उकलली होती. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

परत येताना मी म्हणालो, "कडूबा, तिला सांग बाबा."

"सांगितलं तर ती राहील का, आप्पा?"

"आणि नाही सांगितलं तर सखूबाई ठेवणार आहे का तिला?"

तो चालत राहिला. क्रांती चौकातल्या गर्दीत आम्ही रस्ता ओलांडला, तेव्हा त्यानं माझा हात धरला होता. मी म्हातारा म्हणून धरला असेल असं मला वाटलं. पलीकडं गेल्यावरही त्यानं सोडला नाही.

सप्ताह आला. काल्याच्या दिवशी सकाळी मंडप भरला. मी टाळकऱ्यांत, कडूबाच्या गळ्यात पखवाज. असा वाजवला त्यानं त्या दिवशी, की महाराज दोनदा वळून त्याच्याकडं बघून गेले. हंडी फुटली, लाह्यांचा काला वाटला, आणि लाउडस्पीकरवरून नावं पुकारायला लागले. पहिल्या दोघी यंदाच रांगेत आलेल्या. मग आलं, "सौ. रत्नमाला कडूबा."

रत्नमाला हिरव्या साडीत पुढं झाली. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "हिची जागा ठरलेलीच हाय बाई." दुसरी फिसकन हसली. रत्नमालेनं पदर पसरला. मंडपाच्या खांबाशी तिचा भाऊ उभा होता, तिला न्यायला आलेला. त्याच्या पायाशी तिची पिशवी होती.

महाराजांनी नारळ उचलला, आणि पखवाज खाली ठेवल्याचा धप्प आवाज झाला. कडूबा माझ्या बाजूनं पुढं गेला. रत्नमालेच्या पुढं जाऊन उभा राहिला, गळ्यातलं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांत धरून महाराजांसमोर पसरलं.

"हिच्या पदरात नका टाकू, महाराज. माह्या टाका."

महाराजांना समजेना. "अरे माउली, हे फळ बायांसाठी असतं."

"दोष माह्यात हाये. तपासलंय. डॉक्टरांनी उघडून बघितलं, माह्यात बीजच नाय. हिनं सात साल माह्या नावाचं फळ घेतलं. आता माहं मला द्या."

महाराजांच्या उपरण्याला माइक टाचलेला होता. शब्द न् शब्द मंडपातून, भोंग्यातून, बाजारपेठेपर्यंत गेला.  एवढी माणसं, आणि तो बाप्या बायांच्या रांगेत उपरणं पसरून उभा. माउली, त्या घडीला त्याच्याइतकं एकटं माणूस मी पाहिलेलं नाही. पन्नास टाळकरी होतो आम्ही त्याच्या पाठीशी, आणि एकाच्याही अंगात पुढं व्हायचं बळ नव्हतं. माझ्याही नव्हतं.

महाराजांनी माइक काढून बाजूला ठेवला. व्यासपीठावरून खाली उतरले. नारळ त्याच्या उपरण्यात टाकला नाही, दोन्ही हातांनी अलगद ठेवला. मग त्याच्या डोक्याला हात लावून काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

रत्नमालेचा पदर तसाच पसरलेला होता, रिकामा.

दुपारी मी रामहरीच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघुरीशी, जाऊन बसलो. म्हातारा जाळीच्या आत एका कोकराला मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

"नर्सबाईनं सांगितलं व्हतं, आप्पासाहेब. वरीस व्हायच्या आत शहरात दावा म्हणून. तवा आमी मेंढरं घेऊन घाट उतरून खानदेशात. म्या म्हणलो, कोकराचं बी असंच असतं. एखाद्याचं उशिरा उतरतं. हिरवा चारा लागला की उतरतं. दर पावसाळ्यात हात लावून बघायचो. उतरल, म्हणायचो. उतरल." त्यानं कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. "उन्हाळ्यात मेंढे झाडाखाली बांधायचो म्या. ऊन लागलं की मेंढा कामाचा ऱ्हात नाय, ते ठावं व्हतं मला. आन् पोरगा पोटातल्या उन्हात ठिवला."

मी त्याच्याजवळ सरकलो.  तो बराच वेळ कोकराला कुरवाळत राहिला.

सखूबाई रत्नमालेसमोर आलीच नाही. पण निघताना पाहिलं, तर रत्नमालेच्या पिशवीत सखूबाईच्या हातच्या शेवयांचा डबा होता आणि भाऊ एकटाच बसस्टँडकडं चालला होता.

आता तुम्हाला वाटेल, रत्नमाला नवऱ्याच्या गळ्यात पडून रडली. नाही. बसमध्ये ती लेडीज सीटवर वेगळी बसली. उस्मानपुऱ्यात आल्यावर जिन्याच्या त्याच मधल्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "दोन महिने तुमाला ठावं व्हतं. दोन महिने मी उपास केले. कामून नाय सांगितलं?"

"भेव वाटलं."

"गावासमोर वाटलं नाय, माह्यासमोर वाटलं?" तिचा आवाज फाटला. "एकट्यानं फळ घेतलं म्हणून लई मोठे झाले का तुमी? मला आधी सांगितलं असतं तर मी बी संगं पदर धरला असता."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. कुणी धाडली नाही, आपली आपण गेली. वर एकाच माणसाची पावलं वाजायला लागली. मी खाली ऐकायचो. तो स्वयंपाक करतोय, तो बसलाय, तो उठलाय. मधेच पखवाजावर एक थाप, आणि मग काही नाही. तो नारळ त्यानं फळीवर ठेवला होता. फोडायचा कुणी, खायचा कुणी, म्हणून तसाच. तो वर एकटा, मी खाली एकटा, आणि संध्याकाळी चहाला दोघं समोरासमोर बसायचो. माझा चहा म्हणजे साखरेचं पाणी. तो मुकाट्यानं प्यायचा.

नवरात्र तोंडावर आलं होतं. एका सकाळी मी देवाला फुलं वाहत होतो, आणि जिन्यात आवाज आला, "आप्पा, चहा ठेवला असल तर फेकून द्या."

रत्नमाला आली होती. तिनं पिशवी टेकवली, वर गेली. कडूबा कामावर निघण्याच्या घाईत होता. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचं नव्हतंच, मी टाळ वाजवत बसलो. पण मग नारळ फोडल्याचा आवाज ऐकला. तो मात्र ऐकला. थोड्या वेळानं दोघं खाली आले. तिच्या हातात वाटी होती. खोबऱ्याचे तुकडे, वर साखर.

"घ्या, आप्पा. आमचं फळ," ती म्हणाली. "ठिवलं असतं तर वाळून गेलं असतं."

तिघांनी खाल्लं. खोबरं थोडं खवट झालं होतं. कुणी टाकलं नाही.

लेकराचं काय ठरलं, ते विचारू नका. ते दोघं मिळून बोलत असतात, मी टाळ वाजवत असतो.

ते बघा, महाराज आले वाटतं, आवाज जुळवायला पखवाजाला कणीक लावायला घेतलीय. लावणारा कडूबाच आहे. जाऊन उभा राहतो मी. पण माउली, जाताना एवढं मागतो. तुमच्या घरी नातू झाला, नात्यात, शेजारी कुणाला पोरगा झाला, आणि तेल लावून न्हाऊ घालताना हाताला तिथं काही लागलं नाही, तर "उतरल" म्हणून वाट बघत बसू नका. सहा महिन्यांत नाही उतरलं तर उचलून डॉक्टरकडं न्या, लाजू नका. आणि त्या वेळी, त्या लेकराच्या अंगावर गरम पाण्याचा तांब्या ओतताना, माझ्या कडूबाची आठवण काढा. सगळ्या गावासमोर उपरणं पसरून तो एकटा उभा होता. त्याला आठवा.